सलामीचे दहा फटाके

"डबी दे बरं इकडे," मी म्हणालो.

सुकरू मडावी रुळाच्या कडेला उकिडवा बसला होता. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि मान वर करून पाहिलं. "कोणती डबी, गार्डबाबू?"

"फटाक्यांची. दुसरी कोणती डबी असते तुझ्याकडे?"

आता हे फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. बुटाच्या पॉलिशची डबी असते ना, तेवढी चपटी टिनाची वस्तू, दोन बाजूंना दोन पट्ट्या. रुळावर ठेवायची, पट्ट्या खाली वळवायच्या. इंजिनाचं चाक वरून गेलं की असा बार होतो, की डुलकी लागलेला ड्रायव्हरही ताडकन उभा राहील. पुढे रूळ तुटला, पूल खचला, तर हे लावायचे. बार ऐकला की ड्रायव्हरनं गाडी थांबवायची. नियम एवढाच. पण रेल्वेवाल्यांची एक जुनी खोड आहे. कोणी ड्रायव्हर निवृत्त होत असला, की त्याची शेवटची गाडी स्टेशनात शिरताना रुळावर ओळीनं फटाके लावायचे. त्याला आम्ही सलामी म्हणतो. हे नियमात बसत नाही, पण ज्याला सलामी मिळाली नाही त्याची नोकरी आम्ही नोकरीच धरत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी, एकतीस जानेवारीला, लहानूजी खोब्रागडे निवृत्त होणार होते. आणि योग असा, की त्याच दिवशी आमची लाइनही बंद होणार होती.

खैरगाव ते पिंपळबोडी, सतरा किलोमीटरची ती एकेरी लाइन. पिंपळबोडीला कोळशाची खाण, खैरगावला लोखंडाचा कारखाना आणि मोठी लाइन. दोघांच्या मधे आम्ही. माझ्या काकानं दिवसाला सहा गाड्या पाहिल्या होत्या. मी गार्ड झालो तोवर दोन उरल्या होत्या. मग कारखान्याची भट्टी थंड झाली, खाणीतला चांगला कोळसा संपत आला, आणि दिवसाआड एक गाडी सुटू लागली. कोळशाच्या चौदा वाघिणी, त्यांच्यामागे खाणीतल्या लोकांसाठी एक प्रवासी डबा, आणि शेवटी माझा गार्डाचा डबा. ओढायला कोळशाचंच इंजिन. वरून पत्र आलं, की आता हेही पुरे.

लाइन बंद म्हणजे तिच्यावरची माणसंही बंद. रूळ सांभाळणारे अकरा गँगवाले होते, त्यातले तिघं मोठ्या लाइनीवर घेणार होते. बाकी आठ घरी. सुकरू नऊ वर्षं रोजंदारीवर होता. त्या वर्षी तो रोज सकाळी रूळ तपासत एकटा चालत जायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असल्या तर ठोकायचा. कामाला वाघ. रुळांच्या इन्स्पेक्टरनं तिघांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यांत वर लिहिलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं नंतर कोणाला वाटायला नको.

फटाके माझ्याकडेही होते. गार्डाला मिळतातच. पण माझी डबी ड्यूटी सुटताना तपासली जायची, आणि गँगवाल्यांच्या फटाक्यांच्या डब्यांकडे वर्षातून एकदा कोणी पाहिलं तर पाहिलं. म्हणून मी माझे राखून ठेवले आणि त्याचे मागितले. हुशार माणूस मी.

"रिकामी डबी घेऊन लाइनीवर कसा जाऊ, बाबू?" तो म्हणाला.

मी हसलो. म्हटलं, अरे बाप्पा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या दुपारनंतर या लाइनीवर कुत्रंही चालणार नाही, तू कोणासाठी फटाके सांभाळून राहिला? खैरगावच्या फाटकवाल्याला दिले की तो बरोबर लावून ठेवतो.

"लहानूजींसाठी हाय ना?"

"मग काय माझ्यासाठी?"

त्यानं दहाच्या दहा फटाके माझ्या हातात ठेवले. लहानूजींचं नाव निघालं की सुकरूचं असंच व्हायचं. त्याचं कारणही होतं. बाकीचे ड्रायव्हर गँगवाल्यांकडे धुरातून पाहतही नसत. लहानूजी इंजिनातून हात वर करायचे आणि त्या रोजंदारीच्या माणसाला 'मडावीजी' म्हणून हाक मारायचे. आम्ही त्याला सुकऱ्या म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी पिंपळबोडीला जत्रा भरल्यासारखी गर्दी. खाणीतल्या बायकांनी इंजिनाला झेंडूचे हार बांधले होते. त्या लहानूजींना ओवाळायला निघाल्या तर ते मागे सरले, म्हणाले, मला नको, तिला ओवाळा, काम तिनं केलं. मग बायकांनी इंजिनाला ओवाळलं. लहानूजींनी निळा गणवेश इस्त्री करून घातला होता. चौतीस वर्षं कोळशासमोर उभा राहिलेला माणूस, आणि त्या दिवशी कॉलरला डाग नव्हता.

त्यांची बायको सुभद्राबाई प्रवासी डब्यात बसली होती. नवऱ्याच्या गाडीत ती कधी बसलीच नव्हती. लहानूजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "झाडेबाबू, आज धक्का नाही बसला पाहिजे. बाई पहिल्यांदा बसली आहे माझ्या गाडीत. खैरगावपर्यंत कुठंच थांबत नाही."

मी म्हटलं, तुम्ही चालवा, मागचं मी पाहतो. मनात म्हटलं, खैरगावच्या फाटकावर मजा येईल तुम्हाला. खरं सांगतो, मला त्या माणसाबद्दल माया होती. सलामी ही माझी कल्पना होती आणि तिचा मला अभिमान वाटत होता.

सव्वाअकराला निघालो. लाइनीच्या कडेनं जागोजाग माणसं उभी. कोणी दुपट्टा हलवतंय, कोणी पदर. युनियनवाले लाल झेंडे घेऊन आले होते, शाळेतली पोरं हिरव्या-पिवळ्या पताका. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन गळ्यातला टॉवेल काढून फिरवत होता. मीही माझ्या डब्याच्या दारात उभा राहून सगळ्यांना झेंडी दाखवत होतो. प्रवासी डब्यात साठेक माणसं कोंबून बसली होती, गाणी चालली होती.

आठव्या किलोमीटरनंतर लाइन डावीकडे लांब वळते. वळणावर मला पुढची अख्खी गाडी दिसायची, इंजिनापर्यंत. तिथं मला सुकरू दिसला. वळणाच्या आतल्या कडेनं गाडीच्या दिशेनं पळत येत होता आणि डोक्यावर लाल झेंडी फिरवत होता.

मला हसू आलं. म्हटलं, पाहा, युनियनवाल्यांसारखा सुकऱ्याही नाचून राहिला. फायरमननं त्याला टॉवेल दाखवला. आणि मी, गार्ड, ज्याचं कामच झेंडी ओळखणं आहे, मी हात लांब करून त्याला हिरवी झेंडी दाखवली. त्यानं ती पाहिली. मी त्याला पाहताना पाहिलं.

त्यानं लाल झेंडी फेकून दिली. रुळावर चढला, दोन रुळांच्या मधोमध मांडी घालून बसला आणि दोन्ही हात आडवे पसरले.

तेव्हा कुठं मला ती लाल झेंडी कळली. हँडब्रेकच्या चाकाला मी हात घालेपर्यंत लहानूजींनी ब्रेक मारला होता. चौदा भरलेल्या वाघिणी एकमेकींवर आदळत आल्या, प्रवासी डब्यात माणसांवर माणसं पडली, गाण्याचा आरडाओरडा झाला. चाकं रुळावर ओरडत किती वेळ घसरली कोणास ठाऊक. मी डोळे मिटले होते. एवढं मात्र खरं, की मी पाहत नव्हतो.

गाडी थांबली. मी उडी टाकून पुढे पळालो. सुकरू इंजिनापासून पंधरा-वीस पावलांवर तसाच बसला होता, हात आडवे. त्याला ते खाली घ्यायचं सुचत नव्हतं. लहानूजी इंजिनातून उतरले, त्याच्याजवळ जाऊन खडीवर बसले आणि त्याचे हात हळूच धरून खाली आणले.

त्याच्यामागे तीनेकशे पावलांवर जमीनच नव्हती. मोठी विहीर खणावी तेवढा खड्डा, आणि त्यावर दोन्ही रूळ वाळत घातलेल्या दोरीसारखे लोंबत होते. खाण बंद करायच्या वेळी जमीन तोलून धरणारे आतले कोळशाचे खांबही काढून घेतात. आमच्या लाइनीखाली पोकळी नाही असं नकाशा सांगत होता. जुने बोगदे त्या नकाशात नव्हतेच. सुकरू सकाळी त्या जागेवरून गेला तेव्हा रूळ सरळ होते, परत आला तेव्हा लोंबत होते.

मी धापा टाकत त्यांच्याजवळ पोचलो तेव्हा लहानूजी विचारत होते, "फटाके नव्हते का, मडावीजी?"

साधा प्रश्न होता. तीन फटाके वळणाआधी लावले असते, तर पहिल्याच बाराला लहानूजींनी गाडी उभी केली असती. सुकरूला इंजिनापुढे बसायची गरज पडली नसती.

सुकरूनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नव्हते, जी."

गाडी उलटी पिंपळबोडीला नेली. लहानूजी खैरगावला आपली गाडी घेऊन गेलेच नाहीत. संध्याकाळी खाणीच्या जीपमधून बायकोला घेऊन गेले, हार तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकवाल्याकडे गेलो. त्यानं फटाके रुळावरून काढून फडक्यात बांधून ठेवले होते. त्याला म्हटलं, तू काही पाहिलं नाहीस. त्याला तेच हवं होतं. ते गाठोडं मी नदीत टाकलं.

चौथ्या दिवशी खैरगावच्या स्टेशनात चौकशी बसली. दोन साहेब आले होते. वेटिंग रूममधे टेबल लावलं, आम्हाला एकेक करून बोलावतील असं वाटलं होतं, पण सगळ्यांना एकत्रच बाकावर बसवलं. सुरुवात लहानूजींपासून. शेवटचा दिवस म्हणून गाडीवर समारंभ चालला होता का, इंजिनाला हार कोणी घातले, लक्ष कुठं होतं. मोठ्या साहेबाला काहीतरी सापडायला हवं होतं, हे त्याच्या विचारण्यावरूनच कळत होतं.

"लक्ष समोर होतं," लहानूजी म्हणाले. "म्हणून हा माणूस जिवंत आहे."

मग सुकरू. साहेबानं नियम वाचून दाखवला. धोका दिसला तर आधी फटाके, मग झेंडी. तुमच्याकडे दहा फटाके दिलेले आहेत. एकही का लावला नाही?

"डबी हरवली, साहेब."

"कधी?"

"आदल्या दिवशी."

"कळवलं का नाही?"

त्यानं मान खाली घातली. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, मांडीला मांडी लागून. मला वाटलं, आता हा सांगणार. आणि खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात उत्तरही तयार ठेवलं होतं, की मी मागितले नाहीत, यानंच हौसेनं आणून दिले.

साहेब माझ्याकडे वळला. "तुम्ही आदल्या दिवशी याला लाइनीवर भेटला होता. डबी होती याच्याकडे?"

"माझं लक्ष नव्हतं, साहेब," मी म्हणालो.

सुकरूनं मान वर केली नाही. खोलीत पंखा फिरत होता, थंडीच्या दिवसांत. कोणी तो बंद करत नव्हतं.

अहवाल पंधरा दिवसांत आला. सुकरू मडावीनं धाडस दाखवलं असं एका ओळीत होतं. सुरक्षेचं साहित्य हरवलं, वेळेवर कळवलं नाही, भरवशाचा नाही, असं तीन ओळींत. तिघांच्या यादीत त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव चढलं. इन्स्पेक्टरला वाईट वाटलं, पण कागदापुढे त्याचं काही चालेना. मला पुढे मोठ्या लाइनीवर बदली मिळाली. लहानूजींचे पेन्शनचे कागद महिनाभरात निघाले.

त्या महिनाभरात मी एकच गोष्ट डोक्यात घोळवत होतो, की सुकरूनं मला वाचवलं. का वाचवलं? मी त्याचा कोण? मी तर त्याच्याशी धड बोललोही नव्हतो कधी. कधी वाटायचं, देवमाणूस आहे. कधी वाटायचं, वेळ पाहून मागायला येईल काहीतरी. तो आला नाही. शेवटी मार्चमधे एका दुपारी मीच सायकल काढली.

खाणीपलीकडे त्यांची वस्ती. सुकरू तेव्हा वीटभट्टीवर जात होता. जेवायच्या सुटीत घरी आला होता, हातापायांना लाल माती. मला पाहून खाट टाकली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. ताराबाई तिचं नाव. तिनं लोटा माझ्यासमोर ठेवला तो जरा आपटूनच.

मी उगाच इकडचं तिकडचं बोललो. भट्टीवर किती दिवस काम राहील, पोरगी कितवीत आहे. तो जमेल तसं उत्तर देत होता. शेवटी मीच म्हणालो, "सुकरू, तू माझं नाव घेतलं नाहीस. मी विसरणार नाही ते."

त्याला ते कळलंच नाही. "तुमचं नाव?"

"चौकशीत. फटाके मी नेले होते."

"अच्छा, ते," तो म्हणाला, आणि जरा संकोचून हसला, जणू माझाच काहीतरी गैरसमज झालाय आणि तो कसा सांगावा हे त्याला कळत नव्हतं. "ते तुमच्यासाठी नव्हतं, बाबू. फटाके सलामीले नेले म्हटलं असतं, तर साहेबानं लहानूजींलेच धरलं असतं ना. समारंभ करून राहिले होते म्हणून. मंग त्याइचे कागद अडकले असते. मागं त्या रामटेके ड्रायव्हरचे सहा वर्ष अडकले. म्हातारा खेटे घालून घालून मेला."

मी लोटा उचलून पाणी प्यायलो.

"लहानूजींनी मले पाहिलं आणि गाडी थांबवली," सुकरू म्हणाला. "बाई आत बसली होती त्याची. आज थांबायचं नाही म्हणून निघाला होता, मले फायरमननं सांगितलं. तरी थांबवली. काहून बसला, वेडा आहे का, काही नाही विचारलं. आधी थांबवली." त्यानं हातावरची माती झटकली. "नोकरी गेली ते खरं. वाईट वाटते. नऊ वर्ष केली."

भिंतीपलीकडे ताराबाईचा भांड्यांचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

"पण गार्डबाबू," तो म्हणाला, "तुम्ही काहून नाही बोलले?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला टोमणे मारता येतच नव्हते. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो माझ्याकडे पाहत वाट पाहत राहिला. मला चांगलं आठवतं, मी वर छपराकडे पाहिलं, मग लोट्याकडे. खरं बोलायला मी इतकी सायकल मारून आलो होतो. ओठापर्यंत आलं होतं.

"मीही त्यांच्यासाठीच," मी म्हणालो. "लहानूजींसाठी."

सुकरूचा चेहरा एकदम उजळला. तो खाटेवरून उठला आणि आत तोंड करून बायकोला म्हणाला, "ऐकलं का? मी म्हणत होतो ना. तू उगाच महिनाभर बाबूले नावं ठेवून राहिली. दोघांच्याही मनात एकच होतं."

ताराबाई दारात आली. पदराला हात पुसत तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं हे मी सांगू शकत नाही. मग म्हणाली, "बाबू, जेवून जा," आणि आत गेली.

ताट आलं. भात होता, तुरीचं वरण, वर मिरचीचा ठेचा. सुकरू स्वतः समोर बसून वाढत होता, पुन्हा पुन्हा आग्रह करत होता. त्याच्यासाठी मागं किती उरलं असेल हे मला दिसत होतं. तो घ्या म्हणाला तेवढा मी घेतला, आणि ताट स्वच्छ केलं.